दंडाच्या पट्ट्याला न कळणारं प्रेशर

बीपी म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो दंडाला गुंडाळलेला पट्टा आणि १२० खाली ८० असा आकडा. तो आकडा नीट आला की माणूस निर्धास्त होतो. पण पोटात एक असं प्रेशर आहे जे त्या पट्ट्याला कधीच कळत नाही. दंडातला बीपी नॉर्मल असतो, कितीतरी वेळा नॉर्मलपेक्षाही कमी असतो, आणि तिकडे आत लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत दाब वर्षानुवर्षं चढत राहतो. याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. माझ्या मामाला हे निघालं तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलेय, डॉक्टरांना विचारत आलेय, आणि जे समजलं ते एकदा सलग लिहून काढायचंय. कारण बहुतेक घरांमध्ये हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो रक्ताची उलटी झाल्यावर, आणि उपचाराची खरी वर्षं असतात ती त्याच्या आधीची, जेव्हा माणूस हिंडता फिरता असतो आणि त्याला काहीही होत नसतं.

आधी ही शीर काय आहे ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. शरीरात बाकी ठिकाणी हिशोब सरळ असतो, हृदयाकडून धमनीतून रक्त आलं, अवयवाने वापरलं, शिरेतून परत हृदयाकडे गेलं. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचं मात्र तसं नाही. यांचं रक्त थेट हृदयाकडे जातच नाही, ते आधी लिव्हरमध्ये जातं. आतड्यांकडून येणारी एक मोठी शीर आणि प्लीहेकडून येणारी दुसरी, या दोघी स्वादुपिंडाच्या मागे एकत्र येतात आणि तिथून पोर्टल व्हेन सुरू होते, लांबीला जेमतेम ८ सेंटीमीटर. ती लिव्हरमध्ये शिरते, परत फांद्या फांद्या होत जाते आणि शेवटी अगदी बारीक पोकळ वाटांमध्ये मोकळी होते, त्यांना सायनुसॉइड म्हणतात. लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातलं तीन चतुर्थांशच्या आसपास या एका शिरेतून येतं. म्हणजे आपण खाल्लेलं पचून रक्तात आलं, गिळलेली गोळी विरघळली, आतड्यातल्या जंतूंनी अमोनिया तयार केला, हे सगळं आधी लिव्हरच्या पेशींसमोरून जाणार आणि मगच उरलेल्या शरीराला मिळणार. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा बराच वेळ त्या आकृतीकडेच बघत बसले होते, इतकी सुंदर व्यवस्था आहे ही.

आणि ही सगळी व्यवस्था फार कमी दाबावर चालते. पोर्टल शिरेतला दाब पाऱ्याच्या हिशोबाने ५ ते १० मिलिमीटर, बस्स. डॉक्टर जास्त बघतात तो फरक, म्हणजे लिव्हरच्या आत येतानाचं प्रेशर आणि बाहेर पडतानाचं प्रेशर यातलं अंतर. ते १ ते ५ असायला हवं. ५ च्या वर गेलं की पोर्टल हायपरटेन्शन आहे असं म्हणायचं, १० झालं की त्रास सुरू होण्याची पायरी आली, आणि १२ च्या पुढे फुगलेल्या शिरा फुटण्याचा धोका. ५ आणि १२ मध्ये अंतर केवढंसं आहे बघा, दंडातल्या बीपीत एवढा फरक तर जिना चढून आलं तरी पडतो आणि कोणी लक्षही देत नाही.

दाब वाढतो कसा? लिव्हरला वर्षानुवर्षं इजा होत राहिली, कारण काहीही असो, की तिथल्या काही पेशी आपलं मूळ काम सोडतात. स्टेलेट पेशी म्हणून असतात, एरवी व्हिटॅमिन ए साठवून शांत बसलेल्या, त्या इजेनंतर व्रणाचे धागे विणायला लागतात आणि वर स्वतः आकुंचनही पावतात. मऊ लिव्हर हळूहळू कडक होतं, गाठीगाठींचं होतं, हाच सिरोसिस, आणि रक्ताच्या त्या बारीक वाटा आवळल्या जातात. कालव्यात पुढे गाळ साचला तर मागून येणारं पाणी काही थांबत नाही, ते मिळेल त्या पाटात घुसतं आणि जो बांध कच्चा असेल तो आधी जातो, इथेही तेच. पोर्टल शिरांना झडपा नसतात त्यामुळे रक्ताला उलटं फिरायला काहीच अडचण नाही. ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या आणि जठराच्या वरच्या भागातल्या शिरांमध्ये जातं, गुदद्वाराजवळच्या शिरांमध्ये जातं, कधी बेंबीजवळ जन्मानंतर बंद पडलेली वाट परत उघडून पोटाच्या कातडीखाली निळ्या शिरा उमटवतं. यातली अन्ननलिकेतली जागा सगळ्यात वाईट, कारण तिथल्या शिरा पातळ भिंतीच्या आणि अगदी वरच्या अस्तराखाली. त्या फुगतात, पिळवटतात, त्यांना व्हेरायसेस म्हणतात. म्हणजे आजार लिव्हरचा आणि जीवावर बेततं ते अन्ननलिकेत.

एवढ्यावर भागत नाही. अडथळा आला म्हटल्यावर पोटाकडचा रक्तपुरवठा कमी व्हायला हवा ना, पण होतं नेमकं उलटं. नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं वाढतात, आतड्यांच्या धमन्या सैलावतात आणि पोर्टल शिरेकडे आणखी जास्त रक्त यायला लागतं. पुढे वाट अरुंद आणि मागून लोंढा वाढलेला. शरीरातलं बरंचसं रक्त असं पोटातच रेंगाळल्यामुळे बाकीच्या शरीराला ते कमी पडतं, दंडातला बीपी उतरतो, मूत्रपिंडांना वाटतं रक्त कमी झालंय आणि ती मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतात, आणि ते पाणी जातं पोटात. जलोदर म्हणजे पोटात पाणी होणं, ते या वाटेने येतं. मला वाटतं हे एवढं जरी घरच्या माणसांना कोणी समजावून सांगितलं तरी मीठ का बंद, ही गोळी कशासाठी, बीपी कमी का, या प्रश्नांवरून होणारे अर्धे वाद होणार नाहीत.

आता मामाबद्दल. त्याला डायबेटिस बऱ्याच वर्षांपासूनचा, पोट सुटलेलं, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर हे शब्द दर वेळी. पण फॅटी लिव्हर हल्ली सगळ्यांनाच असतं असं म्हणून ते पान उलटलं जायचं. त्याच्या रक्ताच्या तपासण्यांमध्ये प्लेटलेट कमी यायच्या, कधी १ लाख २० हजार, कधी १ लाख, एकदा ९० हजार. दीड लाखाच्या खाली म्हणजे कमीच. पण प्रत्येक वेळी ताप तरी आलेला असायचा नाहीतर औषधं तरी चालू असायची, मग त्याचंच कारण लावलं जायचं आणि विषय तिथेच मिटायचा. मग एका डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून टेबलावर एकाखाली एक ठेवले आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून पेन खाली नेत नेत म्हणाले, हे तापामुळे नाहीये, हे सावकाश उतरत चाललंय. लगेच डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांमधून रक्त कसं वाहतंय तेही दाखवणारी, करायला सांगितली. प्लीहा वाढलेली निघाली, १५ सेंटीमीटर, एरवी १२ च्या आसपास असते. प्लीहेतून निघालेलं रक्त पुढे सरकत नाही म्हणून ती फुगते आणि फुगलेली प्लीहा प्लेटलेट स्वतःतच अडकवून ठेवते, शिवाय प्लेटलेट तयार करायचा निरोप देणारं हार्मोन लिव्हरमध्ये बनतं, तेही कमी पडलेलं असतं. म्हणजे लिव्हर एवढी वर्षं त्या एका साध्या आकड्यातून बोलत होतं. मामाला ना कावीळ, ना पोटदुखी, ना काही.

एन्डोस्कोपीत मोठ्या व्हेरायसेस दिसल्या. आणि त्या दिवसापासून जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायला लागला, पीत होते का?

या प्रश्नाबद्दल मला जरा बोलायचंय. मामाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण सिरोसिस हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मामी लोकांना आजाराचं नावच सांगेनाशी झाली, पोटाचा त्रास आहे एवढंच म्हणायची. आजार लपवला की मदतही लपते, योग्य डॉक्टर कोण हे विचारता येत नाही, कोणाच्या घरी आधी असं झालंय का ते कळत नाही. आणि समजा पीत असता, तर? तर काय त्याच्या फुटलेल्या शिरेतून येणारं रक्त वेगळ्या रंगाचं असतं? दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण दारूने लिव्हर गेलेल्या माणसालाही उपचार तेवढ्याच मायेने मिळायला हवेत. दारू पूर्ण सोडली तर सिरोसिस झाल्यानंतरसुद्धा कितीतरी जणांचं पोर्टल प्रेशर उतरतं, पोटातलं पाणी जातं, माणूस सावरतो. लाज घालून कोणाची सुटत नाही ती. तिच्यासाठी वेगळा उपचार लागतो आणि तो लिव्हरच्या उपचारातच धरायला हवा असं माझं ठाम मत आहे.

बाकी कारणं पुष्कळ. हेपेटायटिस बी आणि सी, हे दोन विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरतात. बी ला लस आहे आणि दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, सी तर आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये पूर्ण जातो. मग डायबेटिस आणि वजनासोबत येणारं फॅटी लिव्हर, स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटणं, शरीरात तांबं किंवा लोह साठत जाण्याचे आनुवंशिक आजार. जगात काही भागांत शिस्टोसोमा नावाचा परजीवी हे मोठं कारण आहे, त्याची अंडी पोर्टल शिरेच्या बारीक फांद्यांमध्ये अडकतात. आणि काही वेळा लिव्हरचा काही दोषच नसतो. पोर्टल शिरेतच गुठळी होऊन ती बंद पडते, हे लहान मुलांमध्येसुद्धा होतं, एरवी खेळतं बागडतं मूल अचानक रक्त ओकतं आणि तपासलं तर लिव्हर चांगलं निघतं. अशा काही मुलांमध्ये सर्जन गळ्यातल्या शिरेचा तुकडा घेऊन आतड्याकडचं रक्त लिव्हरच्या आतल्या डाव्या पोर्टल फांदीत परत जोडून देतात, रक्त पुन्हा आपल्या मूळ वाटेने जायला लागतं. अडथळा लिव्हरच्या पुढेही असू शकतो, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते त्याला बड किआरी म्हणतात, किंवा हृदयाची उजवी बाजू थकलेली असते. कारण कोणतं हे शोधणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं, नुसतं प्रेशर वाढलंय म्हणून भागत नाही.

लक्षणं. खरं सांगायचं तर बराच काळ काहीच नसतात, आणि जी असतात ती थकवा, भूक मंदावणं अशी कोणालाही असणारी. मग दंडाचे आणि खांद्याचे स्नायू वाळत जातात आणि पोट मात्र वाढतं, पायावर सूज येते, छातीवर कोळ्याच्या आकाराच्या बारीक लाल शिरा दिसतात, तळहात लालसर होतात. रक्तस्राव झाला तर उलटीत लाल रक्त किंवा गडद तपकिरी काहीतरी पडतं, किंवा उलटी होतच नाही आणि शौचाला काळं, चिकट, वेगळ्याच उग्र वासाचं होतं. हे काळं शौच लोकांना कळत नाही म्हणून मुद्दाम सांगते, ते पोटात वरच्या बाजूला पडलेलं रक्त असतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं पण ते असं चिकट आणि उग्र वासाचं नसतं. ज्याला लिव्हरचा त्रास माहीत आहे त्याला असं झालं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं.

आणि एक लक्षण असं आहे की जे घरच्यांना सगळ्यात जास्त छळतं, आणि ते लक्षण आहे हेच कितीतरी दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. मामा रात्रभर जागा राहायला लागला आणि दिवसा बसल्या बसल्या झोपायचा. चिडचिड वाढली. आयुष्यभर घरचे सगळे हिशोब चोख ठेवणारा माणूस, साधी बेरीज चुकायला लागला, सही वेडीवाकडी व्हायला लागली. मामीला वाटलं आजाराने खचलाय, मुलाला वाटलं मुद्दाम हट्ट करतोय, घरात भांडणं झाली, रडारड झाली. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी दोन्ही हात समोर लांब करून पंजे वर उचलून धरायला सांगितले आणि त्याचे पंजे फडफडले, धरलेले राहीचनात. हा मेंदूवर होणारा परिणाम आहे, आतड्यातला अमोनिया आणि तसले पदार्थ लिव्हरला वळसा घालून थेट मेंदूपर्यंत पोचतात म्हणून. ते निमित्त होऊन वाढतं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी शरीर कोरडं पडणं, झोपेची गोळी. मामाला बद्धकोष्ठ होतं आणि वर झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी चालू होती. ती बंद झाली, लॅक्टुलोजचं गोड औषध सुरू झालं, दिवसातून दोन तीनदा मऊ शौचाला होईल एवढं, सोबत आतड्यातल्या जंतूंवरचं रिफाक्सिमिन, आणि थोड्याच दिवसांत आमचा मामा आम्हाला परत मिळाला. तो जे बोलला होता त्यातलं त्याला बरंचसं आठवतही नव्हतं. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी त्या माणसाच्या स्वभावात बदल दिसला तर राग धरायच्या आधी डॉक्टरांना फोन करावा, अगदी कळकळीने सांगतेय.

तपासण्यांमध्ये सोनोग्राफी आणि डॉप्लर पहिली, मग फायब्रोस्कॅन, म्हणजे बरगड्यांवर एक यंत्र टेकवून लिव्हर किती कडक आहे ते मोजतात, दुखत नाही काही नाही. आत शिरा फुगल्यात का ते बघायला एन्डोस्कोपी. खरा दाब मोजायचा तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरच्या शिरेपर्यंत नेतात, ते सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकाला लागतही नाही. जगभरचे या विषयातले डॉक्टर १९९० मध्ये इटलीतल्या बावेनो नावाच्या गावात जमले होते, तेव्हापासून दर काही वर्षांनी ते नियम ताजे करतात आणि त्यांना बावेनोचेच नियम म्हणतात. त्यातला एक मला फार आवडला, सिरोसिसच्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये फायब्रोस्कॅनचा कडकपणाचा आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर तपासणीची एन्डोस्कोपी तूर्त टाळता येते. परत तोच प्लेटलेटचा आकडा!

उपचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट एक छोटी जुनी गोळी आहे. प्रोप्रानोलॉल हे औषध हृदयासाठी वापरात होतंच, १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या दिदिए लब्रेक यांनी दाखवून दिलं की त्याने पोर्टल प्रेशर उतरतं आणि परत रक्तस्राव होण्याचं प्रमाण घटतं. हृदय थोडं सावकाश चालतं आणि आतड्यांच्या सैलावलेल्या धमन्या आवळतात, मागून येणारा लोंढा कमी होतो. आता बहुतेक वेळा कार्व्हेडिलॉल देतात, छोट्या डोसपासून सुरू करून सोसेल तर दिवसाला साडेबारा मिलिग्रॅमपर्यंत, ते लिव्हरमधला अडथळाही थोडा सैल करतं. २०१९ मध्ये स्पेनमधून आलेल्या एका अभ्यासात अजून काहीच त्रास नसलेल्या पण प्रेशर १० च्या वर गेलेल्या सिरोसिसच्या पेशंटना ही औषधं दिली होती, तर पुढे गुंतागुंत होण्याचं, मुख्यतः पोटात पाणी होण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं. म्हणजे रक्तस्राव व्हायच्या कितीतरी आधी ही गोळी कामाला लागते. आणि हीच गोळी लोक बंद करतात! मामाचा बीपी ११० होता, एक नातेवाईक म्हणाले बीपी तर चांगला आहे मग बीपीची गोळी कशाला, उगाच चक्कर येईल. मामा थांबवणारच होता. दम्याच्या माणसाला ही गोळी चालत नाही, बीपी वरचा ९० च्या खाली जायला लागला किंवा किडनीवर ताण आला तर डोस कमी करावा लागतो, कधी थांबवावीही लागते, पण ते डॉक्टरने ठरवायचं.

गोळी सोसत नसेल तर, किंवा एकदा रक्तस्राव होऊन गेला असेल तर गोळीच्या जोडीने, बँडिंग करतात. एन्डोस्कोपीतून फुगलेली शीर ओढून घेऊन तिच्या बुडाशी बारीक रबरी रिंग चढवतात, ती जागा काही दिवसांत वाळून गळून पडते. सगळ्या शिरा जाईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने परत परत करावं लागतं आणि नंतरही ठराविक काळाने आत डोकावून बघावं लागतं, कारण बँडने शीर जाते, प्रेशर जात नाही. जठरातल्या शिरांना बँड नीट बसत नाही, तिथे सुपरग्लूच्या जातीचं औषध टोचून शीर आतून बंद करतात.

मामाच्या शेजारच्या खाटेवर एक जण होते, त्यांना रक्ताची उलटी झाल्यावरच आणलेलं. त्यांचा मुलगा सारखा एकच म्हणत होता, अजून रक्त चढवा, एवढं गेलंय तर तेवढं तरी चढवा. आणि डॉक्टर त्याला शांतपणे समजावत होते की हिमोग्लोबिन ७ च्या आसपास असलं तरी चालेल, जास्त भरलं तर पोर्टल शिरेतलं प्रेशर परत चढेल आणि फुटलेली जागा परत वाहायला लागेल. हे मनाला पटायला फार अवघड आहे, आपल्या माणसाचं रक्त वाहताना बघितल्यावर तर फारच, पण २०१३ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी ९०० हून जास्त पेशंटवर हे तपासून बघितलं होतं आणि हात राखून रक्त दिलेल्या गटात जास्त माणसं वाचली. त्याच्या जोडीला आतड्यांकडचा रक्तपुरवठा आवळणारी टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं, लगेच अँटिबायोटिक, कारण रक्तस्रावानंतर होणारा जंतुसंसर्ग हाही घातच करतो, आणि १२ तासांच्या आत एन्डोस्कोपी. एवढं सगळं करूनही अशा रक्तस्रावानंतर दीड महिन्यात १०० पैकी १५ ते २० माणसं जातात. पूर्वी हे प्रमाण ४० च्या घरात होतं. सुधारणा प्रचंड आहे, पण १५ सुद्धा किती मोठा आकडा आहे हो.

एवढ्यानेही थांबलं नाही तर टिप्स. मानेतल्या शिरेतून सुई लिव्हरपर्यंत नेऊन लिव्हरच्या मांसातूनच आरपार नवा बोगदा पाडतात आणि त्यात जाळीची नळी बसवतात, म्हणजे पोर्टल शिरेतलं रक्त अडथळा टाळून सरळ पुढे जातं. पेशंटवर पहिल्यांदा हे जर्मनीत फ्रायबुर्गला १९८८ मध्ये झालं. प्रेशर धाडकन उतरतं. पण याची किंमत काय ते तर त्याच्या १०० वर्षं आधीच कुत्र्यांवर दिसलं होतं. निकोलाय एक् (Eck, हे त्याचं आडनाव) या रशियन सर्जनने १८७७ मध्ये कुत्र्यांची पोर्टल शीर थेट शरीराच्या मोठ्या शिरेला जोडून बघितली. ८ पैकी ७ कुत्रे आठवडाभरात गेले, एक अडीच महिने जगला आणि पळून गेला. पुढे १८९३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसंच ऑपरेशन केलेल्या कुत्र्यांबद्दल लिहिलं, मांस खाल्लं की ते बिथरायचे, झोकांड्या खायचे, बेशुद्ध पडायचे. लिव्हरला वळसा घातला की प्रेशर सुटतं पण गाळणी जाते आणि मेंदू उघडा पडतो. मामाला टिप्स नको असं डॉक्टरांनी का ठरवलं ते मला या कुत्र्यांबद्दल वाचल्यावर नीट कळलं, त्याचा मेंदू आधीच एकदा त्या वाटेने जाऊन आला होता.

रोजच्या जगण्यात मीठ कमी, पोटात पाणी असेल तर दिवसाला साधारण ५ ग्रॅमपर्यंत, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्या, आणि पाणी फारच झालं तर सुईने काढणं. ५ लिटरपेक्षा जास्त काढलं तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, शिरेतून द्यावं लागतं. त्या पाण्यात जंतू होऊ शकतात म्हणून ताप किंवा पोटदुखी अंगावर काढायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण बंद, त्या किडनीलाही मारतात आणि रक्तस्रावालाही आमंत्रण देतात, आणि गुडघेदुखीला कोणीतरी कौतुकाने आणून देतं ती नेमकी हीच गोळी असते. प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत, हा जुना समज अजून घट्ट बसलाय. वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम लागतात, कारण स्नायूसुद्धा अमोनिया निकामी करायचं काम करतात. रात्री झोपायच्या आधी थोडं खाणं चांगलं, लांब उपास नको. आणि लिव्हर फारच थकलं असेल तर प्रत्यारोपण, त्याची चौकशी शेवटच्या घटकेला नाही तर पाणी किंवा भ्रम यातलं काहीही एकदा झालं की तेव्हाच सुरू करावी, आम्ही केलीये.

सध्या मात्र माझं लक्ष मामेभावाकडे आहे. त्यालाही फॅटी लिव्हर, साखर काठावर, वय अजून पन्नाशीच्या आत. एक साधं गणित आहे, त्याला फिब फोर म्हणतात. वय, लिव्हरच्या रिपोर्टमधले एएसटी आणि एएलटी हे दोन आकडे आणि प्लेटलेट, एवढं घालायचं की एक संख्या येते, १.३ च्या खाली असेल तर व्रण जास्त असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर ताबडतोब लिव्हरच्या डॉक्टरकडे, आणि मधली असेल तर फायब्रोस्कॅन. पासष्टीच्या पुढे खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात. त्याचा आकडा मधला आला. फायब्रोस्कॅन केला तर ९, म्हणजे व्रणाला सुरुवात आहे पण पोर्टल प्रेशर वाढण्याइतका कडकपणा अजून नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की वजन १० टक्क्यांनी उतरलं तर बऱ्याच जणांमध्ये हा व्रण मागेही हटतो. त्याने हेपेटायटिस बी ची लस घ्यायला सुरुवात केलीये, चालायला लागलाय, आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावलेत. वर्षभराने परत स्कॅन करायचा आहे.